इवलेसे छिद्र

मुंबईच्या उपनगरांत डोंगरांच्या कुशीत पवईचा तलाव पसरलेला आहे. हा तलाव निसर्गनिर्मित नव्हे. मुंबईला पाणी पुरवावे, या हेतूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे बांध घालण्यात आला. परंतु पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो हेतू साधला नाही. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला, की ते पाणी मिठी नदीस जाऊन मिळते.

या तलावाला जलपर्णीचा मोठा जाच आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती दिसण्यात मोहक, फुलेही जांभळी नि नाजूक. पण सांडपाण्यावर पोसून ती अशी फोफावते, की तिच्याखाली पाण्याला ना ऊन मिळते, ना हवा. म्हणून ती काढून काठावर ओढून आणावी लागते. या कामावर वेसाव्याचा एक कोळी तरुण आपली नाव घेऊन आला होता. निवृत्तीनंतर रोज सकाळी तलावाकाठी फिरण्याचा माझा परिपाठ असल्याने त्याची व माझी चांगली ओळख झाली होती.

एके दिवशी तो चिंताक्रांत दिसला. नावेच्या मागे टांगलेले पेट्रोलचे इंजिन मंद गतीने सुरेख चाले. वेग वाढविला, की दोन-तीन मिनिटांत धापा टाकू लागे. एका कारागिराने महागडा सुटा भाग बदलावयास सांगितले होते. तेवढे पैसे जवळ नव्हते. आणि उद्या नाव धड चालली नाही, तर तिच्या जागी दुसरी येणार होती. घरच्या चार माणसांचे पोट त्या नावेवर होते.

त्याने आपल्या मामांना बोलावून घेतले होते. मामांचे अवघे आयुष्य मासेमारीच्या नावांची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेले. भाचा घाईघाईने पाना घेऊन पुढे झाला, तेव्हा ते म्हणाले, “थांब रे! आधी पाहू, मग हात लावू. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे व्हायचे.” काठावर एकजण विडी ओढीत होता, त्याला त्यांनी दूर पाठविले, पेट्रोलजवळ विस्तव नको! मग आम्ही तिघे नावेत बसलो.

प्रथम त्यांनी इंजिन उचलून पंखा पाहिला. त्याला जलपर्णीची मुळे गुंडाळलेली होती. ती काढली, तरी दोष कायम राहिला. ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला. तो निर्दोष होता. मग मामा वेग कमी-जास्त करीत नुसते ऐकत बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “वेग वाढविल्याबरोबर ते थकत नाही, काही वेळाने थकते. हळू चालविले, की पुन्हा सावरते. म्हणजे याला भूक लागते. पण अन्न वेळेवर पोहोचत नाही.”

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या मध्ये हाताने दाबावयाचा एक रबरी फुगा असतो. भरधाव वेगात तो चपटा होत असल्याचे त्यांनी दाखविले. “इंजिन पेट्रोल ओढते आहे, म्हणून फुगा चपटा झाला. तेव्हा पुढची वाट मोकळी आहे. अडथळा मागे, टाकीच्या बाजूला आहे.” असे म्हणून त्यांनी टाकीचे झाकण किंचित सैल केले. ‘सूं’ असा आवाज करीत हवा आत शिरली. इंजिनाचा आवाज पाहता पाहता भरदार झाला आणि नाव पाणी कापीत निघाली!

झाकणावरील हवेचे इवलेसे छिद्र वाळलेल्या चिखलाने बुजले होते. वाण्याच्या दुकानात तेलाच्या डब्याला दोन भोके पाडतात, ती याचसाठी. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल, तर तेल अडखळत पडते. हवेला वजन असते व ती सर्व वस्तूंवर दाब देते, हे इटलीतील टॉरिसेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाने दाखविले. पेट्रोल निघून गेले, पण त्याची जागा घेण्यास हवा आली नाही, तर टाकीतील दाब कमी होतो व उरलेले पेट्रोल बाहेर यावयास नाखूश होते. मंद गतीत गरजच थोडी. म्हणून दोष लपून राहतो.

मामांनी बारीक तारेने छिद्र मोकळे केले. खर्च एका पैशाचाही झाला नाही. भाच्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “रोज सकाळी ते भोक बघत जा.”

शाळेतही असे दिसून येते. एखादा मुलगा एरवी नीट चालतो. परंतु अभ्यासाचा भार वाढला, की अडखळतो. लोक त्याला लगेच मंद ठरवितात. कदाचित त्याची झोप अपुरी असेल, फळ्यावरचे अक्षर त्याला दिसत नसेल, किंवा मनातील शंका विचारण्यास तो भीत असेल. अशा वेळी त्याला दोष देण्यापूर्वी, कोणते छिद्र बुजले आहे ते शांतपणे शोधावे. तुमचा शेजारी विद्यार्थी असा अडखळत असेल, तर हे काम तुम्हांलाही करता येईल.