सांधा बदलतोय! लातूर-नांदेडचा स्पेअर पार्ट वीकेंड

लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर... तीच गर्दी, तेच मक्याचं कणीस. काही हटके हवंय? मग बॅगेत एक बंद पडलेली मोटर टाका आणि मराठवाड्याची गाडी पकडा.

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. गार्डन रेल्वे म्हणजे बागेत किंवा गच्चीवर, कुंड्यांच्या मधून धावणारी छोटी आगगाडी. हिच्या रुळांमधलं अंतर बहुतेक वेळा 45 मिलिमीटर असतं. हा प्रकार जगभर पोचवला तो 'एलजीबी' या जर्मन ब्रँडनं, 1968 पासून. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम 1998 पासून आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात रूळ शिरतात ते कायमचेच.

या छंदात इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती पॉइंट मोटर. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तो सांधा, आणि तो सरकवणारं छोटं यंत्र म्हणजे पॉइंट मोटर. ही बिचारी उन्हापावसात रुळाला चिकटून पडलेली असते. आत धूळ जाते, मुंग्या घर करतात, दांडी गंजते. नवी मोटर परदेशातून मागवायची तर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी ऐकूनच माणूस गार पडतो.

आमचा एक मित्र मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीत. लातूरच्या घराच्या गच्चीवर त्यानं वडिलांसाठी रूळ टाकलेत. वडील ज्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचे, ती बार्शी लाईट आता कुठेच धावत नाही. गच्चीवरच्या दोन पॉइंट मोटर बंद होत्या. एकीची कॉइल जळाली होती, दुसरी पार गंजली होती. दिवाळीला वडिलांची पंचाहत्तरी. म्हणजे डेडलाइन पक्की!

लातूर : वाइंडिंगवाल्यांचं गाव

गंजगोलाई पाहिली नसेल तर आधी ती बघा. मधे गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे 16 रस्ते. पण आपलं काम सोनं-कपड्यांच्या दुकानात नाही, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. आणि लातुरात या कामाचा हात पक्का आहे, कारण इथं पाणी खोल आहे. बोअरवेल आली की पंप आला, पंप आला की जळालेली मोटर आली, आणि तिच्यामागून वाइंडिंगवाला आलाच.

"कुठून आलाव? मिक्सरची मोटर हाय का ही?" काकांनी चष्मा वर करून विचारलं.

"नाही काका, रेल्वेची."

काकांनी आधी मोटरकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "एवढी? मग डबे खिशात ठेवलाव का?"

हसून झाल्यावर मात्र माणूस कामाला लागला. ही मोटर दोन कॉइलची होती. मधे लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना कॉइल. बटण दाबलं की त्या बाजूची कॉइल क्षणभर चुंबक होते आणि दांडी ओढून घेते. बटण चिकटून करंट चालू राहिला की काही सेकंदांत कॉइल खलास. इथं तेच झालं होतं.

काकांनी जळालेली तार उलगडत वेटोळे मोजले, तारेचा नंबर गेजवर पाहिला, त्याच नंबरची तार त्याच दिशेनं भरली आणि वर वॉर्निश लावलं. मग मीटर लावून जुन्या, चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स आणि नवीचा रेझिस्टन्स शेजारी शेजारी तपासला. दोन कॉइलच्या मोटरचा हाच मोठा फायदा. एक जळाली तरी दुसरी नमुना म्हणून समोर असते. म्हणून लक्षात ठेवा, मोटर आख्खी न्या. सुटी केलेली जळकी कॉइल नेऊ नका.

"मुलगा शिकला का हे?" आम्ही विचारलं.

"पोरगा तुमच्याच पुण्यात हाय. कॉम्प्युटरवर." काकांनी पुढचा पंप ओढला.

आता बार्शी लाईटबद्दल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही 762 मिलिमीटरची नॅरोगेज 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. कुर्डुवाडी-लातूर मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते याच वाटेनं. पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. 762 ला 45 नं भागा, 17 च्या जवळ येतं. म्हणजे गच्चीवरची बार्शी लाईट खरीच्या सतराव्या हिश्शाची.

नांदेड : कारच्या दारातली मोटर

लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेड. सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवा, लंगर घ्या, मग ऑटो स्पेअर पार्ट्सच्या दुकानांकडे वळा. गंजलेल्या मोटरवर इलाज इथं आहे, कारच्या सेंट्रल लॉकिंगच्या मोटरमध्ये! बारा व्होल्टवर चालते, आत दात्यांची दांडी, तारा उलट केल्या की दांडी उलट सरकते. सांध्याला नेमकं हेच हवं असतं. परदेशातले गार्डन रेल्वेवालेही हा जुगाड वापरतात.

"कौनसी गाडी का होना भाई?" दुकानदाराचा प्रश्न.

आम्ही म्हटलं, "बार्शी लाईट." त्यानं मॉडेलचं नाव समजून यादीत शोधलंसुद्धा!

घेताना पाच तारांची नको, दोन तारांची मागा. हिची दांडी दोनेक सेंटिमीटर सरकते, सांध्याला मात्र काही मिलिमीटरच पुरतात. म्हणून मधे स्प्रिंगची लवचिक तार जोडा, जादा धक्का ती पिऊन टाकते. करंट अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त देऊ नका. आणि प्लॅस्टिकच्या डबीत झाकून, तोंड खाली करून बसवा.

नांदेडला आणखी एक गंमत कळते. निजामाच्या काळात मनमाड-हैदराबाद ही लाइन मीटरगेज होती. 1000 ला 45 नं भागलं की 22 च्या आसपास येतं, आणि एलजीबीचं प्रमाण आहे 1:22.5. म्हणजे तोच ट्रॅक नांदेडची जुनी मीटरगेजही होऊ शकतो. गच्ची एकच, गाव तुम्ही ठरवा.

खऱ्या रेल्वेकडून शिका

आपल्या रेल्वेचं पॉइंट मशीन 110 व्होल्ट डीसीवर चालतं. सांध्याच्या फटीत 5 मिलिमीटरचा तुकडा ठेवून त्याची परीक्षा घेतात. अशा वेळी मशीन लॉक झालंच नाही पाहिजे, कारण अर्धवट लागलेला सांधा म्हणजे अपघात. गच्चीवरही हीच सवय लावा. फटीत खडा आहे का ते बघा, मगच बटण दाबा.

रिवाइंड केलेली कॉइल आणि कारची मोटर, दोन्ही गच्चीवर बसल्या. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत. काकांनाही बोलावणं गेलंय, "डबे बघायला या" म्हणून. त्यांनी विचारलं, पोराला घेऊन येऊ का?

निघण्याआधी

कसं जाल : पुण्याहून लातूरला रेल्वे आणि एसटी, दोन्ही आहेत. पुढे नांदेडला एसटी सोयीची.

काय न्याल : बंद मोटर, मल्टिमीटर, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, बारा व्होल्टची छोटी बॅटरी. दुकानातच चालवून बघा.

कधी जाल : शनिवार गाठा, वाइंडिंगला वेळ लागतो. आणि पंपांच्या सीझनमध्ये घाई करू नका. शेतकऱ्याचं पाणी आधी, आपली गाडी नंतर.