चपलांपाशी

जन्माष्टमीला फूलबागेत माझं काम ठरलेलं असतं. आत्या, दोन्ही वहिन्या, शेजारच्या काकू आणि त्यांची नातवंडं गोपाळमंदिराच्या रांगेत लागतात आणि मी बाहेर चपलांपाशी उभा राहतो. गेल्या वर्षी अकरा जोड होते, तीन पिशव्या आणि एक तुटक्या बंदाची पाण्याची बाटली. ‘तो काही आत यायचा नाही,’ असं आत्या काकूंना सांगते. सुरात तक्रार नसते, सोय झाल्याचं समाधानच असतं. घरात एखादा नास्तिक असला की असाही उपयोगी पडतो.

रांग लांबलचक असते, कारण राधाकृष्णांच्या अंगावर शिंद्यांच्या काळातले दागिने चढतात ते याच दिवशी. पाचू, मोती, हिरे. किंमत कोटींत सांगतात. बँकेतून पोलिसांच्या पहाऱ्यात येतात, यादीशी ताडून बघितले जातात आणि कार्यक्रम आटोपला की तसेच परत जातात. ‘जगाचं रक्षण करणाऱ्याला बंदूकवाला पहारा कशाला?’ असं कॉलेजात असताना मी मोठ्या ऐटीत विचारलं होतं. आत्या पदर सावरत म्हणाली, ‘अरे, देवाला कसली भीती? भीती माणसांची.’ यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

फूलबाग माधवराव महाराजांनी घडवली. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा तिचं उद्घाटन झालं. मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज, सगळं जवळजवळ. पाहुणा आला की ग्वाल्हेरकर चारही ठिकाणं अभिमानाने दाखवतो. मीही दाखवतो, आणि अभिमान खोटा नसतो. पण दारं चार आहेत म्हणजे कुठल्या तरी एकातून तुम्ही आत जाणारच, असा इथल्या सद्भावनेचा हिशेब. ‘भाईसाहब, आप किसको मानते हैं?’ असं फुगेवाला विचारतो. ‘किसी को नहीं,’ म्हटलं की तो समजुतीने मान हलवतो आणि विचारतो, ‘घर में कोई ग़मी हुई क्या?’

लहानपणी त्या चारांत मला लॉज आपली वाटायची. सत्याहून थोर धर्म नाही, हे त्यांचं ब्रीद. त्यात देवाचं नावसुद्धा नाही. पुढे अ‍ॅनी बेझंटबाईंची हकिकत कळली. लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉच्या जोडीने नास्तिकतेची व्याख्यानं देत हिंडलेली ही बाई, १८८९ मध्ये ब्लाव्हॅट्स्कीबाईंचा ग्रंथ परीक्षणासाठी हाती आला आणि थिऑसॉफिस्ट झाली. ब्रॅडलॉ होता तिथेच राहिला. १८८० साली तो निवडून आला, पण शपथेच्या भांडणापायी संसदेतली जागा पक्की व्हायला १८८६ उजाडलं. मला माणूस आवडतो तो ब्रॅडलॉ. पण बेझंटबाईंना काय हवंसं वाटलं असेल, हेही चपलांपाशी उभं राहिल्यावर थोडं कळतं. आत आरती सुरू होते, शे-दोनशे टाळ्या एका ठेक्यात पडू लागतात, आणि बाहेर माझाही पाय हलत असतो. आम्हा लोकांना आरत्या नाहीत, ही आमची मोठीच गैरसोय.

आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. माझ्या हातावर फक्त प्रसाद पडतो. पूर्वी नको म्हणायचो, मग अर्धा तास वाद. आता मंदिरातली पंजिरीही खातो आणि घरचा सुंठवडाही. सुंठवडा जरा जास्त.

एकदाच आत्या घाबरली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. देव मानू नका, असाही त्यांचा आग्रह नव्हता; भांडण बुवाबाजीशी होतं. मी रोज पहाटे फूलबागेत फेऱ्या मारतो हे आत्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच तिचा फोन.

‘आज जाऊ नकोस.’

‘आत्या, मला कोण ओळखतंय?’

‘नसू दे. आणि गेलासच, तर कुणाला काही सांगत बसू नकोस.’

आठवडाभर साडेपाचला फोन वाजत राहिला. त्या आठवड्यात तिच्या देवाबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

राणी लक्ष्मीबाईंची समाधी इथून जवळच. जून १८५८ मध्ये राणी इथेच पडली. परतताना आम्ही तिकडून जातो आणि माझे हात आपोआप जोडले जातात. आत्याने ते बरोबर टिपलंय.

‘इथे बरे हात जुळतात तुझे!’

‘ही खरंच होऊन गेली ना, आत्या.’

‘तू पाहिलीस होय?’

वहिन्या तोंडाला पदर लावून हसतात. मी पिशव्या उचलतो.

यंदाही जाणार आहोत. तुम्ही आलात आणि चपलांची काळजी वाटली, तर बिनधास्त माझ्यापाशी ठेवून जा. फाटकाबाहेर फुगेवाल्याच्या शेजारी उभा असतो. येताना थोडी पंजिरी आणा.