एटीकेटीची खिंड

माळा आवरताना पहिल्या वर्षाचं फिजिक्सचं जर्नल सापडलं. शेवटच्या ग्राफपेपरवर होस्टेलच्या आमच्या खोलीतल्या तिघांनी काढलेला नकाशा. खाली डाव्या कोपऱ्यात ॲडमिशन बंदर. तिथून निघालेली अभ्यास नदी पहिल्या इंचातच मेसच्या वाळवंटात गडप. मधे कट्टा-पठार, सगळे रस्ते तिथे जातात, बाहेर एकही निघत नाही. सबमिशनचा घाट रात्रीच चढायचा. पलीकडे एटीकेटीची खिंड, अरुंद, पण सरपटत पार होते. दिशा दाखवणाऱ्या बाणावर उत्तरेऐवजी ‘उत्तरं’ लिहिलंय आणि टोक पुढच्या बाकाकडे. हा विनोद माझा, असं मी अजूनही सांगतो. (बाकीचे दोघंही हेच सांगतात.)

हा उद्योग जुनाच, हे पुढे कळलं. १६५४ साली मादलेन द स्क्युदेरी या फ्रेंच लेखिकेच्या ‘क्लेली’ कादंबरीत मायेच्या मुलखाचा नकाशा छापला होता. नव्या मैत्रीच्या गावाहून निघायचं. वाटेत प्रेमपत्र नावाचंही गाव लागतं. पण हयगय, विसर अशा गावांकडे वळलात की थेट उदासीनतेच्या सरोवरात! वरच्या टोकाला धोक्याचा समुद्र आणि त्यापलीकडे अज्ञात भूमी.

आमच्याही नकाशात वरचा पट्टा कोराच आहे. ‘नोकरी : मोजणी व्हायचीय’. शेजारी कटिंगच्या ग्लासचा गोल डाग. तो पुसण्यापेक्षा आम्ही त्याचं बेट केलं, ‘पीएल’ नाव दिलं आणि भोवती मगरी काढल्या. एका मगरीला चष्मा आहे.