उधारीची वही आणि चार विद्यार्थी

व्यापारी घरात शिक्षण कोठे सुरू होते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर 'पेढीवर' असेच येईल. मुलगा प्रथम गादी झटकतो, मग वजनमापे ओळखतो, मग रोजमेळ लिहू लागतो आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली येते. परक्या मुलाला या क्रमात स्थान नव्हते. आता मात्र महाविद्यालयाचे पत्र घेऊन परकी मुले दुकानाच्या पायरीवर येऊ लागली आहेत. त्यांना काय द्यावे आणि त्यांच्याकडून काय घ्यावे, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली. २०२३ पासून पदव्युत्तर वर्गांत 'ऑन जॉब ट्रेनिंग', म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, यास ४ श्रेयांक मिळाले. सुमारे १२० तास विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत, बँकेत, कारखान्यात किंवा पेढीवर काम करावे, अशी ही योजना आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला मोठ्या कंपन्यांची दारे ठोठावता येतात. जुन्नर आणि आंबेगावच्या विद्यार्थ्यापुढे साखर कारखाने, पतसंस्था, दूधसंकलन केंद्रे, नारायणगावचा टोमॅटो बाजार, मंचरचा कांदा बाजार आणि आपली दुकाने आहेत.

मागील वर्षी संक्रांतीनंतर आमच्या मंचरच्या किराणा व धान्याच्या दुकानात एम. कॉम.चे चार विद्यार्थी आले. दोन मुले जुन्नर तालुक्यातील बागायती शेतकऱ्यांची, एक मुलगी मंचरचीच, आणि एक डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातील, महादेव कोळी समाजातली. त्यांना गल्ल्याशेजारी बसवून बिले फाडायला लावणे सोपे होते. परंतु त्याच वेळी घरात एक वाद पेटला होता.

माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणतो, ८४ वर्षांचे आहेत. डोंगरपट्ट्यातील गावांना उधारीवर माल देण्याची रीत त्यांनी घातली. "डोंगरातला माणूस बुडवत नाही," हे त्यांचे ठाम मत. चिरंजीवांनी हिशेब संगणकावर नेला, तेव्हापासून ९० दिवसांहून जुनी बाकी पडद्यावर लाल दिसू लागली, आणि ३१ मार्चच्या यादीत फुलवडे, बोरघर, आहुपे या बाजूची खाती सर्वांत लाल. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला वेळेवर पैसे द्यायचे तर ही उधारी बंद करावी, असे त्याचे म्हणणे. हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने दोघेही आपापली बाजू मलाच ऐकवत. म्हणून मी त्या चौघांना हाच प्रश्न दिला: ही उधारी चालू ठेवावी की बंद करावी, हे आमच्या वह्यांवरून सांगा.

दुसऱ्याच दिवशी ती डोंगराकडची मुलगी एकटी माझ्याकडे आली. "काकू, ह्या वहीत माझ्या मामांचं नाव असेल, शेजाऱ्यांचं असेल. ते मला वाचायचं नाही. नावं झाकून नुसते नंबर द्याल का?"

पेढीची पहिली मर्यादा, म्हणजे एकाची बाकी दुसऱ्याला न सांगणे, तिला न शिकवता ठाऊक होती. रात्री जेवणे आटोपल्यावर मी खाती उतरवून काढू लागले. माणसाचे नाव झाकले, गाव ठेवले, तारखा आणि रकमा ठेवल्या. अकरा रात्री लागल्या.

मुलांनी महिनावार तक्ते केले, त्या गावांत जाऊन आली आणि एप्रिलच्या अखेरीस अहवाल घेऊन आली. त्यातील पहिला मुद्दा साधा होता. या गावांत पैसा वर्षातून दोनदा येतो. भाताची कापणी कार्तिकाच्या सुमारास होते, तेव्हा एकदा. आणि उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून, वाळवून विकला जातो, तेव्हा दुसऱ्यांदा. औषधांसाठी मागणी असलेले हे फळ म्हणजे तेथील घरांचे रोख उत्पन्न. ३१ मार्चला भाताचा पैसा संपलेला असतो आणि हिरड्याचा यायचा असतो. आमची यादी नेमकी त्या कोरड्या दिवसांत निघे. तीच मागील तीन वर्षांची खाती जूनच्या मध्यावर मोजली, तेव्हा लाल दिसणाऱ्यांपैकी बहुतेक चुकती झालेली आढळली.

गावांत त्यांना आणखी एक गोष्ट समजली. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची मोठी हानी केली होती. त्या वर्षीची जुनी वही मी त्यांना काढून दिली. तेव्हा थकलेली बाकी पुढील दोन हंगामांत थोडी थोडी करून आलेली होती.

बाबूजी ऐकताना मान डोलवत होते. मग दुसरा मुद्दा आला. खरोखर बुडालेली रक्कम डोंगरात नव्हती. ती मंचरमध्ये आणि महामार्गाच्या कडेला होती. ज्यांच्याशी रोजचा नमस्कार आहे, ज्यांच्या घरच्या लग्नाला आपण जातो, अशा मोजक्या सधन खात्यांत ती अडकली होती. तेथे मागायला संकोच वाटतो, म्हणून तारीख उलटत राहते. नावे झाकलेली होती, तरी आकडे पाहून बाबूजींनी ती ओळखली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलांना म्हणाले, "लिहिलंय ते खरं आहे. खोडू नका."

तिसरी सूचना मात्र आम्ही नाकारली. थकबाकीदारांना मोबाइलवर संदेश पाठवावेत, असे त्यांनी सुचविले होते. चिरंजीवांनी त्यांना समजावले की, त्या भागात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा संदेश घरातील दुसराच कोणी वाचतो. मुलांनी ते कारणही अहवालात नोंदविले.

आता डोंगरपट्ट्याच्या खात्यांना हिशेबाच्या दोन तारखा आहेत, भातानंतर मार्गशीर्ष पौर्णिमा आणि हिरड्यानंतर १५ जून. सधन खात्यांकडे चिरंजीव स्वतः जाऊन बसला. तिघांनी पैसे दिले, एकाने आमच्या दुकानात येणे सोडले.

अशा कामाची परंपरा महाराष्ट्रात आहे. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'सितारा' हे केंद्र स्थापन झाले. तेथील विद्यार्थी काही आठवडे गावात राहून तेथील प्रश्नाचा अभ्यास करतात. कर्जत तालुक्यातील पिण्याच्या पाण्याच्या योजनांवर त्यांनी असे काम केले आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून इतर महाविद्यालयांनाही ही वाट मोकळी केली. फरक इतकाच की, पाण्याची टाकी कोणालाही पाहता येते. दुकानाची वही मालकाने उघडल्याशिवाय दिसत नाही.

हिशेब चारचौघांत मांडण्याची चाल या भूमीला नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची व पाण्याच्या टाक्याचीही आहे. कोणी काय दिले आणि कोणाकडे सोपविले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून ते दगडात कोरले गेले.

येत्या सत्रात आपल्यापैकी कोणाच्या दारी असे पत्र आले, तर घरात ज्यावर खरोखर मतभेद आहे असा एक प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवावा. गिऱ्हाइकांची नावे झाकून वह्या द्याव्यात. मुलांना फुकटचे मनुष्यबळ समजू नये. त्यांच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च आपण करावा. आणि अहवाल आला की घरातील तिन्ही पिढ्यांनी एकत्र बसून तो शेवटपर्यंत ऐकावा. सत्र संपण्यापूर्वी त्यातील काय स्वीकारले, काय नाकारले आणि का, हे मुलांना सांगणे आपल्याकडे लागते.