उभ्या ट्रॉलीचे टायर

उसाचा हंगाम संपला की ट्रॉली गोठ्यामागे जाऊन उभी राहते. मार्च-एप्रिलपासून थेट दसऱ्यापर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. बेंदराला, कारहुणवीला आपण बैलांना अंघोळ घालतो, शिंगे रंगवतो. ट्रॉलीच्या वाट्याला मात्र नुसते ऊन आणि चिखल. ‘चालतच नाही, तर टायर झिजतील कशाने?’ असा आपला हिशेब. तो किती फसवा आहे, हे ग्वाल्हेरच्या काकांनी मला नीट समजावून सांगितले.

माझी मावशी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तिथे पडला, त्याचेच पुढे लष्कर शहर झाले. काकांची शेती डबऱ्याकडे, भात आणि गव्हाची. भाताची मळणी उरकली की गहू निघेपर्यंत ट्रॉली रिकामी. मी नाताळच्या सुट्टीत गेलो होतो. धुके हटत नव्हते आणि काका जॅक लावून ट्रॉली उचलत होते.

“काका, ती चालणार नाही, मग एवढी खटपट कशाला?”

“अरे, चालणार नाही म्हणूनच! एका जागी उभी राहिली की सगळा भार टायरच्या एकाच भागावर येतो. तिथे तो चपटा होतो. त्यात थंडीने हवा उतरते.”

तापमान दहा अंशांनी घसरले की टायरमधली सुमारे दोन पौंड हवा कमी भरते. कन्नडमध्ये चाकाला ‘गाली’ म्हणतात आणि वाऱ्याला ‘गाळी’. एका अक्षराचा फरक. पण गाळी गेली की गालीही गेलीच.

रबराचे खरे शत्रू दोन : ऊन आणि हवेतला ओझोन. त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तसे ते मेण वर येते. उभ्या टायरमध्ये हे घडत नाही आणि बाजूंना बारीक भेगा पडतात.

गेल्या हंगामात आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटला. मोळ्या रस्त्यावर कोसळल्या. मागून दुचाकीवर येणारा आमचा एक विद्यार्थी वाचला, पण त्याचा पाय मोडला. मी टायर पाहिला. वरची नक्षी चांगली शाबूत होती. बाजू भेगाळल्या होत्या.

ग्वाल्हेरात ट्रॉली थंडीत उभी असते, आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात. उपाय मात्र तेच. ट्रॉली पूर्ण रिकामी करावी. टायर धुऊन, वाळवून, आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाके जमिनीपासून उचलावीत. ते जमत नसेल तर टायरखाली फळी घालावी, बाजूवर छापलेल्या आकड्याइतकी हवा ठेवावी आणि महिन्यातून एकदा ट्रॉली थोडी पुढेमागे हलवावी. जागा सावलीची असावी; नसेल तर टायरवर गोणपाट किंवा पांढरे कापड टाकावे. वेल्डिंग मशीन, मोटार जवळ नको, कारण त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून जळके ऑइल किंवा डिझेल मुळीच चोळू नये. तेल रबर खाते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचावेत. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. जुना टायर घेताना नक्षीआधी हे आकडे आणि बाजूच्या भेगा बघाव्यात.

खंडेनवमीला आपण ट्रॉलीला हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि हंगामाला निघतो. पूजा जरूर करावी. पण तिची खरी सेवा शेवटची खेप टाकून आल्यावर, त्याच आठवड्यात व्हायला हवी. काम अर्ध्या दिवसाचे आहे. भरलेल्या ट्रॉलीमागून रोज आपलीच मुले कॉलेजला येतात.