वाईचा घाट, कऱ्हाडचा संगम

वाईला कृष्णा अजून लहान असते. महागणपतीसमोरच्या पायऱ्या, देवळांची दाटी आणि गंगापुरीतली प्राज्ञपाठशाळा यांमुळे या गावाचा स्वभावच संथ, पोथीत आणि चर्चेत रमणारा वाटतो. हीच नदी कऱ्हाडला कोयनेला समोरासमोर भिडते आणि पुढे सांगलीच्या उसाच्या, काळ्या रानांच्या, चळवळींनी पेटलेल्या मुलखात उतरते. वर शास्त्र आणि खाली राजकारण अशी या काठाची वाटणी करण्याचा मोह कुणालाही होईल. ती वाटणी खोटी ठरवणारा एक स्नेह याच काठावर वाढला: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि यशवंतराव चव्हाण यांचा.

शास्त्री १९०१ चे. धुळे भागातल्या पिंपळनेरहून ते वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला आले आणि वाईचेच झाले. यशवंतराव १९१३ चे. जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला, शाळा कऱ्हाडची. बारा वर्षांचे हे अंतर तरुणपणी गुरू-शिष्याचेच असते. शास्त्री कायदेभंगात तुरुंगात गेलेले, अस्पृश्यतेविरुद्ध धर्मशास्त्रातलेच आधार काढून देणारे. गांधीजींचे चिरंजीव देवदास यांचा १९३३ मधला आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. १९३२ साली शाळकरी वयातच तुरुंग पाहिलेल्या मुलाला यातून केवढे बळ मिळाले असेल! परंपरा नीट वाचून तिच्याशीच भांडता येते, हे त्याला पुस्तकाबाहेर, चालत्याबोलत्या माणसात दिसत होते.

पण घडवणारा माणूस जन्माचा मित्र होतो तो अशा प्रभावामुळे नव्हे. प्रभाव अनेकांचा पडतो आणि ओसरतो. खरी कसोटी १९४२ ची होती. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे यशवंतरावही काही काळ ओढले गेले होते, तर शास्त्री पक्के रॉयवादी. फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा द्यावा, असे रॉय यांचे म्हणणे. यशवंतरावांनी ती वाट सोडली आणि 'छोडो भारत'मध्ये ते भूमिगत झाले. ज्या साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तिथे हा काही दिवाणखान्यातला मतभेद नव्हता. त्यावर माणसांची इमानदारी तोलली जात होती. तरीही हा स्नेह तुटला नाही. धाकट्याने वेगळी वाट धरली आणि थोरल्याने त्याला ती धरू दिली. मला तरी मैत्रीची सुरुवात इथे दिसते.

यावर कुणी म्हणेल, पुढे एक मुख्यमंत्री झाला आणि त्याने दुसऱ्याला पद दिले; याला स्नेह कशाला म्हणायचे? शंका रास्त आहे. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि अध्यक्षपदी शास्त्री आले, हे खरेच. मात्र त्या पदाबरोबर काय आले तेही पाहावे. मराठी विश्वकोशासारखे, आयुष्य खर्ची घालावे लागणारे काम आले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. उपकाराची फेड करायची असती तर मानाची आणि बिनकष्टाची पुष्कळ ठिकाणे होती. शिवाय निवड आप्ताची असली तरी ती अपात्राची नव्हती: 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ मध्येच साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. ज्याने आपल्याला विचार करायला शिकवले, त्याच्याकडे सत्ता हाती आल्यावर आशीर्वादापुरते न जाता मोठे काम घेऊन जाणे, यात मला वशिल्यापेक्षा विश्वास अधिक दिसतो.

ते काम मुंबईला न नेता वाईत चालवले गेले, हेही मला महत्त्वाचे वाटते. मंत्रालयाच्या जिन्यांपासून दूर, घाटाजवळच्या त्या संथ गावात अभ्यासकांना नोंदी लिहीत बसता आले. यशवंतराव १९८४ मध्ये गेले, शास्त्री १९९४ मध्ये. विश्वकोशाचे उरलेले खंड त्यांच्यानंतर वाईहूनच पूर्ण झाले.