बारमागची धुणीपुसणी : केंटमधील एका सोशल क्लबाचा अनुभव

इंग्लंडमधील ‘सोशल क्लब’ म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर उभी असलेली आणि त्यांनीच निवडलेल्या समितीने चालवलेली संस्था होय. तेथील बार हा पबप्रमाणे कुणा मालकाचा धंदा नसून साठ्यातील दारू सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता मानली जाते, आणि म्हणूनच २००३ च्या परवाना कायद्यात क्लबाने सभासदाला दिलेली दारू ही ‘विक्री’ नव्हे, तर ‘पुरवठा’ ठरते. कामगारांच्या अशा क्लबांचा संघ १८६२ मध्ये हेन्री सॉली या धर्मोपदेशकाने स्थापन केला, तो कामगारांना दारूपासून दूर ठेवण्याच्या हेतूने. पुढे याच क्लबांचा संसार बिअरच्या उत्पन्नावर चालू लागला, ही गंमत त्यांच्या इतिहासातच आहे.

प्रस्तुत लेखिकेने केंट परगण्यातील अशा एका क्लबाचा बार काही वर्षे ‘स्ट्यूअर्ड’ या नात्याने, म्हणजे समितीची पगारी व्यवस्थापक म्हणून, सांभाळला. पेले भरून देणे हा त्या कामाचा दिसणारा भाग असला, तरी खरा वेळ खाते ती सफाई. तळघरातील पिंपापासून काउंटरवरील नळापर्यंत बिअर वाहून आणणाऱ्या नळ्यांत यीस्टचा थर धरतो आणि बिअर आंबूस लागू लागते. त्यामुळे साधारणपणे दर आठवड्याला नळ्या पाण्याने धुऊन त्यांत तीव्र अल्कलीयुक्त, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचे, द्रावण भरून ठेवावे लागते. काही द्रावणे जांभळी असतात आणि आत मळ असेल तर हिरवी पडतात. नळाखाली धरलेल्या पेल्यात ती हिरवट धार उतरली की समितीतल्या कुणालाही वेगळा अहवाल द्यावा लागत नाही. त्यानंतर नळी इतकी धुवावी लागते की द्रावणाचा अंशही मागे राहू नये, आणि हे सारे हातमोजे व चष्मा घालूनच करायचे असते.

पेल्याची गोष्ट याहून नाजूक आहे. लिपस्टिकचा, दुधाचा किंवा खारवलेल्या शेंगदाण्यांच्या तेलाचा पुसटसा ओशटपणाही बिअरचा फेस बसवतो. म्हणून पेला ओला करून पाहावा, पाणी सलग पसरले तर तो स्वच्छ आणि थेंब तुटक राहिले तर ओशट समजावा. घरातील काचसामानालाही हीच कसोटी लागू पडते.

बिंगोच्या डावांच्या मधल्या वेळात सभासद स्त्रिया घरगुती युक्त्यांची देवघेव करीत, आणि त्यांतील बहुतेक युक्त्यांचे मर्म आम्ल व अल्कली यांच्या भेदात होते. केंटचे पाणी खडूच्या थरांतून येत असल्याने जड असते, त्यामुळे किटलीत चुन्याचा पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरसारख्या आम्लाने सुटतो, तर ओव्हनमधील चिकट तुपकटपणाला अल्कलीच हवी. पितळी दांड्यांना चिंच लावण्याची लेखिकेची सूचना तेथे प्रथम हसण्यावारी गेली, पण आम्लाने पितळेवरील काळपटपणा विरघळतो हे उघड दिसताच चिंचेची चौकशी सुरू झाली. याउलट व्हिनेगर व खाण्याचा सोडा एकत्र ओतण्याची लोकप्रिय युक्ती बव्हंशी फसवी आहे, कारण फेस भरपूर येत असला तरी दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र चुकूनही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद तळघरात तर तो जिवावर बेतू शकतो.

अरुंद मानेच्या काचेच्या सुरईत ब्रश पोहोचत नाही, तेव्हा तिच्यात मूठभर कच्चे तांदूळ व थोडे व्हिनेगर घालून ती गोलगोल हलवावी, हा उपाय लेखिकेला सर्वांत भरवशाचा वाटला. वृद्ध सभासद मात्र त्याऐवजी कवळी धुण्याच्या गोळ्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवण्याचा आग्रह धरीत, आणि त्या गोळ्यांतून सुटणाऱ्या ऑक्सिजनने डाग खरोखरच जात असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.